गल्लीगल्लीत सीपीआर : बेळगाव-खानापूर-निपाणी भागातल्या प्रकल्प नोंदी

१३ जुलै २०२५, रविवार

सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरवत ठेवणं, ते शिकवायची डमी (सरावाचा पुतळा) तयार झाली एकदाची. विकतची डमी महाग पडते आणि एकच डमी घेऊन गल्लीतल्या सगळ्यांना शिकवायचं म्हटलं की एक जण दाबणार आणि बाकीचे मोबाईल बघत बसणार, मग आपण सीटकव्हरवाल्या मामांकडं गेलो. मामांनी गाडीच्या सीटचा जुना कडक फोम कापला, वरनं रेक्झिन शिवलं आणि छातीच्या मधल्या हाडाच्या बरोबर खाली रिक्षाचा जुना रबरी भोंगा बसवला. पाच सेंटिमीटर दाबलं की भोंगा वाजतो, कमी दाबलं तर नुसती हवा जाते. आणि हात वर घेताना छाती पूर्ण सैल सोडली नाही तर भोंग्यात परत हवाच भरत नाही, पुढच्या दाबाला तो गप्प. हे मामांनी ठरवून केलेलं नाही पण शिकवायला याच्यापेक्षा भारी काही सापडलं नसतं, कारण छाती पूर्ण वर येते तेव्हाच हृदयात रक्त परत भरतं आणि लोक नेमकं तिथंच चुकतात, अंगाचा भार छातीवर ठेवूनच दाबत राहतात.

मामांनी अशा आणखी डम्या करून द्यायचं कबूल केलंय, पैसे फक्त फोमचे. त्यांना मी सांगितलं की जगातली पहिली नावाजलेली सीपीआर डमीसुद्धा खेळणी बनवणाऱ्या माणसानंच केली, नॉर्वेतल्या स्टॅव्हेंगरच्या आस्मुंड लार्डाल यांनी, १९६० साली. त्याच वर्षी अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या तिघांनी, कोवेनहोवन, ज्यूड आणि निकरबॉकर, छाती न उघडता बाहेरनं दाबून रक्त फिरवता येतं हे लिहून प्रसिद्ध केलं. त्यांचं एक वाक्य मला फार आवडतं, लागतात ते फक्त दोन हात, अशा अर्थाचं. मामा म्हणाले, मग आमच्या गल्लीत हात काय कमी हाईत काय.

२० जुलै, रविवार

अनगोळला पहिलं सत्र. देवळाच्या सभागृहात, पावसामुळं गर्दी बरी होती, शेतातली कामं अडल्यानं बापयसुद्धा (गडीमाणसं) आले. नर्सताईंनी शिकवलं, मी डम्या सांभाळल्या (माझं औषधाचं दुकान रविवारी दुपारी बंद असतं म्हणून हाच वार धरलाय).

दाबायला लोक पटकन शिकतात, हे बघून खरंच उमेद आली. तळव्याचा मनगटाकडचा जाड भाग छातीच्या मधोमध, खालच्या अर्ध्या भागावर, दुसरा हात त्याच्यावर, कोपर ताठ, खांदे हातांच्या बरोबर वर, आणि कमरेतनं वाकून दाबायचं. पाच ते सहा सेंटिमीटर. मिनिटाला १०० ते १२०. एका काकूंनी साडी खोचली आणि असा भोंगा वाजवला की सगळं सभागृह हसायला लागलं, त्या मात्र थांबल्या नाहीत, पूर्ण दोन मिनिटं दाबलं. दोन मिनिटं म्हणजे किती हे तिथं कळतं, तरणी पोरंसुद्धा घामाघूम होतात, म्हणून माणूस बदलायचा हे पाठ करून न घेताच लोकांना पटतं. पलंगावरच्या माणसाला आधी खाली जमिनीवर घ्यायचं हेही करून दाखवलं, गादीवर दाबलं तर छातीऐवजी गादीच दबते.

सत्र संपल्यावर एक वैनी थांबल्या. त्यांचे सासरे मागच्या वर्षी अंगणात कोसळले होते. त्या म्हणाल्या, "ताई, तेव्हा मामा (सासरे) श्वास घेऊलालेत असंच वाटलं आम्हाला, मोठ्यानं घोरल्यासारखं येत होतं, मधनं थांबत होतं, परत यायचं. म्हणून आम्ही धीर धरला, गाडी बघूलालो." नर्सताईंनी त्यांचा हात धरला आणि काही बोलल्या नाहीत बराच वेळ. मग एवढंच म्हणाल्या की ते तुम्हाला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

रात्री फोनवर आमचं हेच बोलणं झालं. दाबायला येणं ही शेवटची पायरी आहे. त्याच्या आधी कुणीतरी ठरवावं लागतं की हे हृदय थांबलंय, आणि ते ठरवायला घरच्यांकडं काही सेकंदच असतात. हेच जर लोकांना जमलं नाही तर आमचा भोंगा कितीही वाजला तरी उपयोग काय.

२७ जुलै

आज सत्र नाही, फक्त बैठक. पुढच्या सत्रांची रचना बदलली, निम्मा वेळ ओळखण्याला.

नर्सताईंनी नीट समजावलं ते लिहून ठेवतो. हृदय अचानक थांबलं की मेंदूच्या अगदी बुडाचा भाग काही वेळ धडपडत राहतो, त्यामुळं पहिल्या काही मिनिटांत बऱ्याच जणांना आचके येतात. तोंड उघडतं-मिटतं, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं, घशातनं घोरल्यासारखा किंवा कण्हल्यासारखा आवाज येतो, दोन आचक्यांत मोठी फट असते. छाती नेहमीसारखी एका लयीत वर-खाली होत नाही. हा श्वास नव्हे. काही जणांना तर सुरुवातीला थोडा वेळ हातपाय झटकल्यासारखंही होतं आणि लोकांना वाटतं फीट आली.

सामान्य माणसानं नाडी बघत बसायचंच नाही, ती भल्याभल्यांना घाईत सापडत नाही. दोन्ही खांद्यांवर थोपटायचं, मोठ्यानं हाक मारायची, छातीकडं बघायचं, दहा सेकंदांच्या आत. हाकेला ओ नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढं दोनच बघायचं आणि सुरू करायचं. १०८ ला फोन लावून स्पीकरवर टाकायचा, फोन जमिनीवर, हात छातीवर.

आचके दाखवणार कसे? व्हिडिओ दाखवून होत नाही, पडद्यावरचं लोकांना लांबचं वाटतं. आमच्यातला एक पोरगा हौशी नाटकात काम करतो, तो म्हणाला मी करून दाखवतो. नर्सताईंनी त्याला तासभर शिकवलं, फट किती ठेवायची, जबडा कसा हलवायचा, छाती कशी स्थिर ठेवायची. शेवटी त्यानं केलं तेव्हा मास्तर (आमच्यातले निवृत्त विज्ञान शिक्षक) उठून बाहेर जाऊन उभे राहिले. त्यांच्या बहिणीचं असंच झालं होतं म्हणे. तेव्हा ठरवलं की सत्राच्या आधी लोकांना सांगायचं, आता जे बघणार ते जड जाईल, कुणाला बाहेर बसायचं तर बसा.

१० ऑगस्ट

वडगाव. विणकरांची वस्ती, मागांचा खडखडाट शेजारीच चालू, त्यामुळं आवाज चढवून बोलावं लागलं पण माणसं मनापासून आलेली.

तीन प्रसंग केले. पोरगा एकदा चक्कर येऊन पडला, एकदा फीट आल्यासारखा पडला, एकदा आचके देत पडला. दर वेळी पुढच्या रांगेतल्या कुणालाही उठवून विचारायचं, काय करणार? चक्कर आलेल्याला दोघांनी धावत जाऊन दाबायला सुरुवात केली, आणि आचके देणाऱ्याजवळ सगळे उभे राहिले, कुणी पाणी आणा म्हणालं, कुणी कांदा फोडा म्हणालं. ते बघून मला तरी आमचं सत्र कशासाठी आहे हे पक्कं झालं.

फीटच्या प्रसंगाला चप्पल आणि किल्ल्या येणारच होत्या, आल्याच. नर्सताई रागावल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, फीट आलेल्याच्या तोंडात काही घालायचं नाही, डोकं आपटू नये एवढं बघायचं, बाजूच्या वस्तू सरकवायच्या, झटके थांबले की कुशीवर करायचं आणि श्वास बघायचा. आणि झटके थांबल्यावर श्वास नीट नसेल तर ते हृदय थांबलेलंच धरायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी अजिबात नाही, मग ते तीर्थ असो नाहीतर लिंबूपाणी, ते सरळ फुप्फुसात जातं.

एक अण्णा म्हणाले, आम्ही दाबलं आणि त्याचं हृदय चालूच असलं तर? आम्हीच मारल्यागत होईल. हा प्रश्न दर ठिकाणी येणार. उत्तर असं की, चालू हृदयावर थोडा वेळ दाबलं तर माणूस कण्हतो, हात झटकतो, आपण थांबतो, फार तर छाती दुखेल किंवा एखादी फासळी मोडेल. आणि थांबलेल्या हृदयावर दाबलं नाही तर दर मिनिटाला जगायची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घसरत जाते, दहा मिनिटांत हातात काही उरत नाही. चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. दोन्ही चुकांची किंमत सारखी नाही. अण्णांनी हे दोनदा विचारून घेतलं आणि मग स्वतः डमीजवळ येऊन बसले, ओंदु, एरडु, मूरु म्हणत कन्नडमध्ये मोजत दाबलं, आणि त्यांच्या मागनं मागावरची सगळी माणसं आली.

२४ ऑगस्ट

बुधवारी गणपती. मंडळांच्या कार्यकर्त्यांसाठी खास सत्र घेतलं, ढोलपथकातली पोरंपण होती. यांना दम भरपूर, पण लय पळते. ढोलाची सवय, मिनिटाला १४० च्या वर जातात, आणि वेग वाढला की खोली कमी होते, भोंगा वाजायचा बंद. भजनी मंडळातले एक पखवाजवाले काका आलेले, त्यांनी मोबाईलमधल्या मेट्रोनोमवर (टिकटिक ठेका देणारं ॲप) ११० लावून मांडीवर ठेका धरला आणि पोरांना म्हणाले, यावर चला, पुढं पळायचं नाही. अर्ध्या मिनिटात सगळ्यांची लय बसली. ज्यांच्याकडं असलं काही नाही त्यांनी घड्याळ बघून तपासायचं, ३० दाब १५ ते १८ सेकंदांत झाले पाहिजेत.

गर्दीसाठी कामं वाटून दिली. एक दाबणार, एक बदली तयार गुडघ्यावर बसलेला, एक १०८ वर, एक रस्त्याच्या तोंडाला जाऊन ॲम्ब्युलन्सला आत आणणार (गणपत गल्ली, खडे बाजार असल्या ठिकाणी मिरवणुकीत हे काम सगळ्यात अवघड), दोघं गर्दीला पाठ करून कडं करणार. आणि साउंडवाल्याला खूण ठरवली, दोन्ही हात डोक्यावर फुली करून धरले की आवाज बंद, विचारायचं नंतर.

पोलिसांची भीती इथंही निघाली. आपण हात लावला आणि माणूस गेला तर केस अंगावर येते हे लोकांच्या मनात इतकं घट्ट बसलंय. तर यावर स्पष्ट सांगितलं, सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये अपघातग्रस्तांना मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची नियमावली बंधनकारक केली, २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४-अ कलम आलं, आणि कर्नाटकानं तर मदत करणाऱ्यांसाठी स्वतंत्र कायदाच केलाय. चांगल्या मनानं मदत करणाऱ्याला अडकवायचं नाही अशीच कायद्याची दिशा आहे. मास्तर म्हणाले पत्रक मराठी आणि कन्नड दोन्हीत छापूया, आणि कलमाचा आकडा मोठ्या अक्षरात टाकूया, आकडा दिसला की माणसाला धीर येतो. छापायला दिलं.

७ सप्टेंबर

काल विसर्जन झालं. रात्रभर मिरवणूक, आपली पोरं बिल्ले लावून होती.

संध्याकाळी उशिरा एक पन्नाशीचे गृहस्थ पडले. गर्दी लगेच गोळा, "दाबा दाबा" असा ओरडा, कारण आता निम्म्या लोकांना सीपीआर हा शब्द माहीत झालाय. आपल्या दोन पोरांनी खांदे थोपटले, हाक मारली, छाती बघितली, श्वास एका लयीत चालू होता, डोळे उघडले. दाबलं नाही. कुशीवर केलं, कडं केलं, वारा घातला, पाय वर धरले, १०८ ला कळवलं. सकाळपासनं उपाशी, त्यात उकाडा. दवाखान्यात तपासून ते रात्री घरी गेले.

माझ्या मते आजवरचं सगळ्यात चांगलं काम हे आहे, न दाबण्याचं. पन्नास माणसं "दाबा" म्हणून ओरडत असताना दहा सेकंद शांतपणे छातीकडं बघणं हे एकोणीस वर्षांच्या पोरांना जमलं. ज्यांना हे जमलं त्यांना आचके बघून सुरू करणंही जमेल.

२१ सप्टेंबर

खानापूर तालुका, जांबोटीच्या पुढं. कणकुंबीला मलप्रभेचा उगम, तिकडं जंगल आणि ओढेच ओढे, आणि फोनला रेंज असेल तिथं असेल. इथं आपली शहरातली मांडणी तशीच चालत नाही.

पहिलं म्हणजे बुडणं. बुडालेल्याचं हृदय थांबतं ते श्वास कोंडल्यामुळं, रक्तातला ऑक्सिजन आधीच संपलेला असतो, त्यामुळं नुसती छाती दाबून भागत नाही, तोंडानं श्वास द्यायला लागतो. आधी दोन श्वास, मग ३० दाब आणि २ श्वास असं चालू ठेवायचं. लहान पोरांचंही तसंच, त्यांचं हृदय बहुतेक वेळा श्वास अडल्यामुळंच थांबतं. मोठं माणूस डोळ्यासमोर अचानक कोसळलं तर फक्त छाती दाबली तरी चालतं, आपल्याकडच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ मध्ये सामान्य माणसासाठी फक्त दाबण्याचीच पद्धत सुचवली ती यासाठीच. हा फरक इथल्या लोकांना शहरातल्यांपेक्षा लवकर कळला कारण नदीत गेलेली माणसं त्यांनी बघितलेली.

एक आज्जा म्हणाले की आमच्या लहानपणी बुडालेल्याला खांद्यावर पालथा टाकून गरागरा फिरवायचे, पोट दाबून पाणी काढायचे. अजूनही करतात, हे तिथल्याच पोरांनी सांगितलं. नर्सताईंनी आज्जांनाच डमीजवळ बसवलं आणि विचारलं, पाणी काढत बसलो तेवढा वेळ मेंदूला काय मिळालं? पोटातलं पाणी आपोआप वर आलं तर मान वळवून तोंड पुसायचं, मुद्दाम काढायचं नाही, ते उलट श्वासनळीत जातं. आज्जा बराच वेळ गप्प होते, मग त्यांनी श्वास द्यायला शिकून घेतलं, नाक चिमटीत धरून, हनुवटी वर करून, छाती वर येईल एवढाच. तोंडावर रुमाल टाकून द्यायला बाकीचेही तयार झाले.

दुसरं म्हणजे मोटारपंपाचा शॉक. आधी मेन स्विच, मग माणूस, हे ओळीनं सगळ्यांकडनं म्हणून घेतलं. स्विच सापडत नसेल तर कोरडी लाकडी काठी, ओल्या पायानं जवळ जायचंच नाही.

रेंजचं काय करायचं ते गावानंच ठरवलं. ज्याच्या घराजवळ रेंज येते त्या दोन घरांचे नंबर शाळेच्या भिंतीवर रंगवायचे, आणि जीपवाल्याचा. एकानं पळत जायचं, बाकीच्यांनी आळीपाळीनं दाबायचं. ॲम्ब्युलन्सला वेळ लागणारच तिथं माणसं जास्त शिकलेली पाहिजेत, म्हणून इथं प्रत्येक घरातनं दोघं असा आग्रह धरला.

२८ सप्टेंबर

व्हॉट्सॲपवरचं ते खोकण्याचं फॉरवर्ड परत फिरतंय, एकटे असताना हार्ट अटॅक आला तर जोरजोरात खोकत राहा म्हणून. दुकानात तीन गिऱ्हाइकांनी दाखवलं. हे लोकांनी करू नये. छातीत दुखतंय आणि माणूस शुद्धीवर आहे तर तो हार्ट अटॅक असू शकतो, म्हणजे रक्तवाहिनी अडलीय, हृदय चालू आहे, तिथं छाती दाबायची नाही आणि खोकायचंही नाही, बसवायचं, चालू द्यायचं नाही, लगेच १०८. हृदय थांबलं की माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो, मग खोकणार कोण. अडलेल्या वाहिनीसाठी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ईसीजी काढून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देण्याची सोय राज्यानं पुनीत राजकुमार यांच्या नावाच्या हृदय ज्योती योजनेत केलीय, ते २९ ऑक्टोबर २०२१ ला ४६ व्या वर्षी अचानक गेले तेव्हापासनं या भागात तरणी माणसंसुद्धा या विषयाला कान देतात. पत्रकात हे दोन वेगळे चौकोन करून टाकलं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज जगभर हृदय परत सुरू करण्याचा दिवस पाळतात. शाळेत करायचं ठरलेलं, पण राज्य सरकारच्या सर्वेक्षणासाठी सुट्टी १८ पर्यंत वाढवलीय, शाळेतले शिक्षक घरोघरी फिरतायत, म्हणून पोरांना वाचनालयासमोर बोलावलं. सहावी ते नववी. किल्ल्यांचं सामान आणायला निघालेली पोरंपण डमी बघून थांबली.

बारा वर्षांच्या पोराचं वजन कमी पडतं, भोंगा वाजायला दोघांना त्रास झाला, पण ओळखण्यात पोरं मोठ्यांच्या पुढं. नाटकवाल्याच्या छातीकडं टक लावून बघतात, लाजत नाहीत, कुणाला बरं वाटेल का याचा विचार करत नाहीत. एक पोरगी म्हणाली, "हा खोटा श्वास हाय, पोट हलत नाही." पोरांनी घरी जाऊन आई-आजीला शिकवायचं आणि उशीवर करून दाखवायचं, हे गृहपाठ. डेन्मार्कमध्ये २००५ पासनं शाळेत आणि पुढच्याच वर्षापासनं ड्रायव्हिंग लायसन्सला हे सक्तीचं केलं, तिथं बाजूच्या माणसानं सीपीआर देण्याचं प्रमाण २००१ ते २०१० मध्ये २१ वरनं ४५ टक्क्यांवर गेलं आणि महिनाभर जगलेल्यांचं साडेतीन टक्क्यांवरनं जवळजवळ ११ वर. बाकीच्याही सुधारणा झाल्या असतील त्या काळात, पण शाळेतनं सुरुवात करायचं त्यांनी ठरवलं हे आपल्यालाही करता येण्यासारखं आहे, यात खर्च काही नाही.

२ नोव्हेंबर

अमेरिकन हार्ट असोसिएशनची २०२५ ची नवी मार्गदर्शक तत्त्वं २२ ऑक्टोबरला आली. नर्सताईंनी वाचून काढली, आपलं पत्रक दुरुस्त करायला पाहिजे ते असं. तान्ह्या बाळाला दोन बोटांनी दाबायचं आता नाही, एका हाताच्या तळव्यानं किंवा दोन्ही हातांनी छाती धरून अंगठ्यांनी, सुमारे चार सेंटिमीटर. घशात घास अडकलेल्या मोठ्या माणसाला आधी पाठीवर ५ थापा, मग पोटावर ५ झटके, आळीपाळीनं. बाळाला पोटावर नाही, पाठीवर ५ आणि छातीवर ५. शॉक देण्याच्या एईडी मशीनच्या पट्ट्या बाईला लावताना अंतर्वस्त्र काढायची गरज नाही, सरकवून लावलं तरी चालतं. ही शेवटची गोष्ट साधी वाटते पण पुढच्या सत्रात हीच सगळ्यात कामाची ठरणार.

१६ नोव्हेंबर

निपाणी. विडी कामगार बायका, हात विड्या वळून चपळ पण खांदे दुखणारे, त्यामुळं दर मिनिटाला बदली ठेवली.

इथं पुरुष कुणी नको म्हणून सांगितलेलं, मी आणि मास्तर बाहेर पायरीवर. नर्सताईंनी नंतर सांगितलं ते असं. बायकांनी मोकळेपणानं विचारलं, रस्त्यात बाई पडली तर गडीमाणसं हात लावत नाहीत, आणि गडी पडला तर आम्ही कसा लावायचा, लोक काय म्हणतील. जगभरच्या पाहण्यांतही हेच दिसतं की चारचौघांत पडलेल्या बाईला सीपीआर मिळायचं प्रमाण पुरुषांपेक्षा कमी आहे. मग साडी नेसवलेल्या डमीवर करून दाखवलं. पदर बाजूला सारायचा, मंगळसूत्र खांद्याकडं सरकवायचं, ब्लाउजवरनंच हाडाच्या मधोमध दाबायचं, कपडे काढावे लागत नाहीत. मशीन आलंच तर पट्ट्या उघड्या कातडीवर, तेव्हा चार बायकांनी लुगड्यांचा आडोसा धरायचा. एक मावशी म्हणाल्या, "बाळंतपणात बघतोच की आपण, जीव जातोय तिथं कसली लाज." त्यानंतर कुणी विषय काढला नाही.

सीमेचा एक प्रश्न इथं निघाला. काठावरच्या गावांत फोन कधी इकडच्या टॉवरला लागतो कधी तिकडच्या, १०८ दोन्ही राज्यांत आहे पण कॉल भलतीकडं गेला तर गावाचं नाव समोरच्याला कळत नाही. म्हणून सगळ्यांकडनं एक वाक्य घोकून घेतलं : राज्य, जिल्हा, तालुका, गाव, जवळची खूण, मग "माणूस बेशुद्ध आहे, श्वास नीट नाही". मराठीत, आणि कन्नडमध्येही एकदा. फोन आपण आधी ठेवायचा नाही. उचगाव, बाची, शिनोळीकडच्या सत्रांतही हे घालायचं.

७ डिसेंबर

अनगोळची उजळणी झाली. हातातलं कौशल्य तीन ते सहा महिन्यांत उतरतं असं सगळीकडं सांगतात, तसंच दिसलं, खोली कमी झालेली, कोपर वाकलेले. पण आचके चालू झाल्यावर पहिला हात वर यायला पाच सेकंदसुद्धा लागले नाहीत, आणि दाबणं दहा मिनिटांत परत बसलं. म्हणजे उजळणी छोटी ठेवली तरी चालेल, अर्धा तास, महिन्याआड, प्रत्येक गल्लीत एक डमी कायमची ठेवून.

चिकोडी भागातल्या ऊसतोड टोळ्यांचं अजून जमत नाही, ती माणसं पहाटे फडात जातात आणि रात्री पालावर येतात, सत्राला वेळ कुठला. मुकादमांशी बोलणं झालंय, पुढच्या आठवड्यात वजनकाट्यावर गाड्या रांगेत उभ्या असतात तेव्हा तिथंच डमी मांडायची, दोन गाड्यांमध्ये जेवढी मिनिटं मिळतील तेवढी. बऱ्याच टोळ्या बाहेरच्या जिल्ह्यांतनं येतात, त्यांना तालुका-गाव सांगता येत नाही, तर कोयत्याच्या मुठीला बांधायला जाड कागदाची चिठ्ठी करायची, त्यावर फडाचं गाव आणि कारखान्याचं नाव. मामांकडनं दोन डम्या जास्तीच्या आणायच्या आहेत, आणि रेक्झिनऐवजी ताडपत्री लावायला सांगायचंय, धुळीत टिकेल.